कपाळावरचं मीठ

मॅडमना पाण्यातलं मीठ ग्रॅममध्ये कळायचं. ही ऐकीव गोष्ट नाही. नऊ वर्षं दर सोमवारी सकाळी मी स्वतः त्यांच्यासाठी स्टीलच्या पाच वाट्या भरून ठेवत होतो. लिटरला एक ग्रॅम मीठ, दोन ग्रॅम, तीन, चार आणि पाच. आकडा वाटीच्या बुडाला चिकटवलेला, वरून सगळ्या सारख्या. मॅडम यायच्या, पर्स खुंटीला अडकवायच्या आणि मला खिडकीकडे तोंड करून उभं राहायला सांगायच्या. माझ्या चेहऱ्यावरून उत्तर कळायला नको म्हणून. मग एकेका वाटीत चमचा बुडवून जिभेवर थेंब टेकवायच्या, मधे साध्या पाण्यानं चूळ भरायच्या आणि वाट्या ओळीनं लावून म्हणायच्या, "बघा." मी वाट्या उचलून बुडाशी बघायचो. नऊ वर्षांत त्या दोनदा चुकल्या. दोन्ही वेळा त्यांना सर्दी होती.

हे कशासाठी, ते मी विचारलं होतं. "जीभ तयार ठेवायला लागते," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, मोठ्या बाईंचा काहीतरी छंद असेल. माझं शिक्षण कॉमर्सचं. नोकरी मिळाली ती जळगावातल्या एका ज्युनियर कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून. काचेची भांडी धुवायची, बटाट्याचे सारख्या मापाचे तुकडे करायचे, कांद्याची पातळ साल सोलून ठेवायची. बाकी जे काही येतं ते दारात उभं राहून ऐकलेलं.

मॅडमचं ऐकण्यासारखं असायचं. बटाट्याचा तुकडा मिठाच्या पाण्यात टाकला की लोळागोळा होतो, साध्या पाण्यात टाकला की ताठतो, हे मुलं पाठ करून यायची. कुणी उठून सांगायचं, "मॅडम, पाणी झिरपतं." मॅडम शांतपणे विचारायच्या, "कुठून कुठे?" मुलगा वहीत बघायचा. "झिरपतं म्हणजे काय, घराला गळती लागली आहे का? दिशा सांगा." हे 'कुठून कुठे' त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की शिपायानं "साहेबांनी कागद पाठवलाय" म्हटलं तरी त्या तोच प्रश्न विचारायच्या. बसच्या कंडक्टरनं तो त्यांनाच विचारला की मात्र त्यांना फार बरं वाटायचं.

एकदा पेशीत तयार होणारी प्रथिनं आपापल्या जागी कशी पोचतात, हा धडा होता. मॅडमनी अख्खा वर्ग व्हरांड्यात काढला. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं एक चिठ्ठी. कुणाच्या चिठ्ठीवर 'बाहेरचा पडदा', कुणाच्या 'केंद्रक', कुणाच्या 'पेशीबाहेर', आणि सात-आठ जणांची चिठ्ठी कोरी. दारात मी उभा. पत्ता वाचायचा आणि ज्याला त्याला खडूनं आखलेल्या जागी सोडायचं. कोऱ्या चिठ्ठीवाले बाहेरच. नेमके तेव्हा प्राचार्य आले. त्यांना आत जाऊन मॅडमची सही घ्यायची होती. मॅडम त्यांना आडव्या आल्या. "सर, तुमच्या गळ्यात पत्ता नाही. तुम्हाला सोडता येणार नाही." मुलं हसायची थांबेनात. प्राचार्य पाच मिनिटं कोऱ्या चिठ्ठीवाल्या मुलांत उभे राहिले आणि मग परत गेले. त्यानंतर वर्षभर ते मॅडमच्या वर्गाकडे फिरकले नाहीत.

पण मॅडमची खरी ख्याती वेगळीच होती, आणि ती चांगली नव्हती. त्या लहान बाळांना चाटायच्या.

दुसरा शब्द नाही. तान्हं मूल दिसलं की त्या त्याला मांडीवर घ्यायच्या, लाड करायच्या, पापा घेतल्यासारखं तोंड कपाळाशी न्यायच्या आणि जिभेचं टोक टेकवायच्या. मग क्षणभर डोळे मिटायच्या. बाळ परत द्यायच्या. एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. पहूरला एका शिक्षकाच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या आजीनं ते पाहिलं आणि मूल हिसकावून घेतलं. "मूलबाळ नसलेली बाई, कसली नजर लावते कोण जाणे," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. मॅडम जेवण अर्धं टाकून उठल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा पाच वाट्या.

त्यामुळे स्टाफमध्ये कुणाकडे बारसं असलं की मॅडमना आमंत्रण नसायचं. मीही त्यातलाच. माझ्या मुलीचा जन्म झाला तेव्हा मी पेढे दिले, पण घरी या म्हटलं नाही. आम्ही मेहरूणला दोन खोल्यांत राहायचो. मॅडमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. बायको मुलीला घेऊन तलावाकडे फिरायला निघाली की मी तिला सांगायचो, त्या रस्त्यानं नको. सात महिने मी माझी मुलगी मॅडमपासून लपवून ठेवली.

मुलीचं काही ठीक चाललं नव्हतं. दूध भरपूर प्यायची, पण वजन धरायची नाही. शी तेलकट व्हायची, वास इतका की लंगोट बाहेर धुवावे लागायचे. खोकला कधी पुरता गेलाच नाही. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं, एकदा टॉनिक दिलं. माझी आई शिंदखेड्याहून येऊन राहिली होती. तिचं म्हणणं, सुनेचं दूधच पातळ. त्यात एप्रिल लागला आणि जळगावचं ऊन सुरू झालं. मुलगी सुस्त पडू लागली. झबलं वाळलं की गळ्याशी पांढरे डाग उमटायचे. आई दर शनिवारी मीठ-मोहरीनं नजर काढायची, म्हणून आम्हाला ते त्याचंच मीठ वाटायचं.

उष्टावण होतं त्या रविवारी सकाळी मॅडम दारात उभ्या राहिल्या. शिपायाकडून त्यांना कळलं होतं. हातात रुमालात बांधलेली चांदीची वाटी. "न बोलावता आले," त्या म्हणाल्या. मी बाजूला सरलो. घरात सातआठ माणसं, खिरीची वाटी पाटावर मांडलेली. बायकोनं मुलीला त्यांच्या हातात दिलं. मी एक पाऊल पुढे झालो, पण तोवर मॅडमचं तोंड कपाळाशी गेलं होतं.

नेहमी त्या एकदाच जीभ टेकवायच्या. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि कानशिलाशी पुन्हा टेकवली. मग पाणी मागितलं, चूळ भरली आणि तिसऱ्यांदा.

"हाई बाई येडी शे का?" आई म्हणाली. "पोरले चाटस का कोनी?"

मॅडमनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. मुलीला धरूनच त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"भाऊ, आज हिची नजर काढली का?"

"काल काढली," मी म्हणालो.

"आंघोळ घाला. साध्या पाण्यानं, नीट. मी थांबते."

बायको रडवेली झाली होती, पण तिनं मुलीला आंघोळ घातली. मॅडम घड्याळ हातात धरून बसल्या. अर्धा तास. पाहुणे खीर न खाता बसून राहिले. पंख्याखालीही मुलीच्या कपाळावर घाम आला. मॅडमनी पुन्हा चव घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"पाचच्या वर आहे," त्या म्हणाल्या.

त्या घरात ते वाक्य फक्त मला कळलं. लिटरला पाच ग्रॅम. माझ्या शेवटच्या वाटीपेक्षा खारट.

"पापा लिधा का खारं लागस," आई हळूच म्हणाली. "मी ते कव्हयनी सांगी ऱ्हायनू. कोनी आयकं नही." पापा घेतला की खारट लागतं, हे ती कधीपासून सांगत होती आणि आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं.

"आजी, तुमचं बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "भाऊ, रिक्षा बोलवा. उद्या नाही, आत्ता."

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मॅडमनी उभ्याउभ्या सांगितलं की आधी रक्तातलं सोडियम तपासा, आणि नंतर घामातलं क्लोराइड. डॉक्टर सज्जन होते, पण हसले. "मॅडम, तुम्ही म्हणता तो आजार आपल्याकडे नसतो."

"नसतो की तपासत नाही?" मॅडमनी विचारलं.

रक्त तपासलं. तासाभरानं कागद आला तेव्हा डॉक्टर हसत नव्हते. सोडियम इतकं खाली गेलं होतं की मुलीला कधीही झटका आला असता. सुस्ती म्हणून आम्ही जिला झोपू देत होतो ती झोप नव्हती. लगेच सलाइन लावलं. डॉक्टर बाहेर आले आणि मॅडमना म्हणाले, "आणखी दोन दिवस घरी राहिली असती तर मी काही करू शकलो नसतो."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मॅडम शेजारी येऊन बसल्या. तिथे दुपारी त्यांनी मला ते सांगितलं, जे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांचं लग्न धुळ्याला झालं होतं. मुलगा झाला. तोही असाच, भुकेला आणि हडकुळा. येणारे-जाणारे पापा घ्यायचे आणि म्हणायचे, बाळ खारट लागतं. सासूबाई म्हणायच्या, आईचं दूधच खारट आहे. अकरा महिन्यांचं असताना, मे महिन्यात बाळ गेलं. दोन दिवस नुसतं पडून होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी हललंच नाही. महिन्याभरात त्यांना जळगावला माहेरी आणून सोडलं, कायमचं. नवऱ्यानं पुढे सुरतेत दुसरा संसार मांडला. मॅडम पुन्हा शिकल्या आणि शिक्षिका झाल्या.

"एका वर्षी नवीन पुस्तक आलं," त्या म्हणाल्या. "प्रथिनं जागेवर कशी पोचतात, तोच धडा. शेवटी चौकटीत एक उदाहरण होतं. एक प्रथिन असतं, ते पेशीच्या पडद्यात दारासारखं बसतं. घामाच्या नळीत मीठ परत आत घ्यायचं काम त्या दाराचं. काही मुलांत ते प्रथिन तयार होतं, पण त्याची घडी चुकते. आतले तपासनीस त्याला पुढे सोडत नाहीत, मोडून टाकतात. दार पडद्यापर्यंत पोचतच नाही. मीठ बाहेरच राहतं. खाली लिहिलं होतं, अशा मुलांची कातडी खारट लागते."

त्यांनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली.

"लायब्ररीत वाचत होते. भर दुपारी. समोर विद्यार्थी. मी ते पान चार वेळा वाचलं, भाऊ. मग घरी गेले आणि तीन दिवस उठले नाही. मीठ दिलं असतं तरी त्या उन्हाळ्यात जगला असता. मीठ. घरात बरणी भरून होतं."

त्यानंतर त्यांनी जीभ तयार केली. वीस वर्षं दिसेल ते मूल चाखलं. किती चाखली ते मोजलं नव्हतं. एकही तसं निघालं नव्हतं. "मला वाटायला लागलं होतं की लोक म्हणतात तेच खरं, मी भ्रमिष्ट आहे," त्या म्हणाल्या. "आज हिची चव घेतली आणि मला वाटलं, मी त्यालाच घेऊन बसले आहे."

पुढे मुलगी सावरल्यावर आम्ही पुण्याला जाऊन घामाची तपासणी केली. आजार तोच निघाला. सिस्टिक फायब्रोसिस. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समजावलं की आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन बिघाड एकत्र आले तरच हे होतं. एकेक बिघाड घेऊन माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही नसतो. "दोष कुणाचा?" बायकोनं विचारलं. "कुणाचाच नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी घरी येऊन आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती सुनेजवळ जाऊन बसली.

मुलगी आता तिसरीत आहे. जेवणाबरोबर गोळ्या, रोज सकाळ-संध्याकाळ पाठीवर थापट्या मारून छाती मोकळी करायची, उन्हाळ्यात जास्तीचं मीठ. आजार बरा झालेला नाही. परदेशात त्या प्रथिनाची घडी सावरून त्याला पडद्यापर्यंत पोचवणारी औषधं निघाली आहेत, ती इथं सहज मिळायची आम्ही वाट बघतो आहोत. पण ती शाळेत जाते, भांडते, आणि माझ्यापेक्षा मराठी शुद्ध लिहिते.

मॅडम मागेच निवृत्त झाल्या. त्यांची आठवण निघाली की लोक चिठ्ठ्यांचा किस्सा सांगतात. माझ्या डोळ्यांपुढे येते ती धुळ्याची एक दुपार.

पुण्याचा रिपोर्ट आल्यानंतर आठवड्यानं मॅडम म्हणाल्या, "भाऊ, माझ्याबरोबर धुळ्याला चला. कागद घेऊन. माझ्या एकटीचं तिथे कुणी ऐकणार नाही." कुणाकडे, ते मी विचारलं नाही. मला ते कळलं होतं. एसटीत, पारोळ्याच्या पुढे, त्या एवढंच म्हणाल्या, "मला भांडायचं नाही. दूध खारट नव्हतं, हे एकदा तिच्या तोंडून ऐकायचं आहे."

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. घरातले त्यांना अक्का म्हणायचे. थोरला मुलगा आणि सून कामावर गेलेली, अक्का एकट्याच ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. मॅडमना त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"बठ," त्या म्हणाल्या. "इतला वरीसमा आज वाट सापडनी तुले?"

मॅडमनी सांगायला सुरुवात केली. पडदा, दार, मीठ, सगळं वर्गात सांगतात तसं, पायरीपायरीनं. आवाज कुठे चढला नाही. मी रिपोर्ट काढून अक्कांपुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो घेतला आणि मांडीवर ठेवला. निवडायचे हात थांबले होते.

"माझ्या दुधाचा दोष नव्हता, अक्का," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मुलाकडून एक बिघाड आणि माझ्याकडून एक आला. त्याला तुमच्याकडून किंवा मामंजींकडून आला असणार."

अक्कांनी मांडीवरच्या कागदाची घडी सरळ केली.

"मन्ह्या बी दोन गयात," त्या म्हणाल्या. "आंडरी. दोन्ही खाऱ्याच व्हत्यात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, जणू आपण चुकीचं ऐकलं का ते विचारत होत्या. त्यांनी चुकीचं ऐकलं नव्हतं. आंडरी म्हणजे मुली. या बाईच्या स्वतःच्या दोन मुली तशाच गेल्या होत्या, आणि दोन्ही खारट होत्या.

"मोठी सात महिन्यानी, धाकटी दीड वरीसनी," अक्का सांगत होत्या. "मन्ही सासू म्हने, तुन्हं दूध खारं शे. मंग तुले बी मी तेच बोलनू."

"तुम्हाला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "तो जन्मला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

"पहिला पापा लिधा तव्हयच."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगतू ते मन्हा पोरले कोनी पोर दिधी नसती. लगीन व्हयी गयं, मंग कोन्त्या तोंडे सांगू?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. तीस वर्षं एका बाईनं ज्या गोष्टीसाठी स्वतःला जाळून घेतलं, ती दुसरीच्या पोटात पन्नास वर्षं तशीच पडून होती. मॅडम उठल्या, ओट्याच्या कडेपर्यंत गेल्या, चप्पल पायात घातली. मी पिशवी उचलली. पण त्या खाली उतरल्या नाहीत. चप्पल काढून परत येऊन बसल्या, या वेळी अक्कांच्या अगदी जवळ.

"माझ्या नणंदेला हे माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी नुसती मान हलवली. कुणालाच माहीत नव्हतं.

"तिच्या घरी लहान कोणी आहे?"

"नातीन शे. चार महिनानी."

"फोन कुठे आहे तुमचा?"

अक्कांनी कमरेच्या पिशवीतून बटणांचा छोटा फोन काढला. लेक दोंडाईच्याला दिलेली. मॅडम नंबर लावायला निघाल्या तर अक्कांनी त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतः एकच बटण बराच वेळ दाबून धरलं. आवाज मोठा होता, पलीकडचं आम्हालाही ऐकू येत होतं. लेकीनं विचारलं, जेवलीस का, गोळ्या घेतल्या का. अक्का हो हो म्हणाल्या. मग फोन दोन्ही हातांनी धरला.

"आयक," त्या म्हणाल्या. "तुले आखो दोन बहिनी व्हत्यात."

आणखी दोन बहिणी. पलीकडून आवाज येईना. अक्कांनी फोन कानापासून दूर नेऊन त्याच्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, कटला.

मॅडमनी तो हलकेच परत त्यांच्या कानाशी लावला.

"चालू आहे, अक्का," त्या म्हणाल्या. "बोला."